चर्चमधली खराब झालेली चित्रं: रिस्टोरेशनला हात घालायच्या आधी नक्की काय तपासतात?

उंबरठा

मंडळी, विषय जरा वेगळा आहे, चुकीच्या विभागात पडला असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा. मी एका जुन्या चर्चच्या देखभाल कमिटीत आहे. वेदीच्या मागच्या भिंतीवर मोठं भित्तिचित्र आहे, बाजूला दोन कॅनव्हासवरची तैलचित्रं आणि एक लाकडी फळीवरचं, ते बहुतेक सगळ्यात जुनं. भित्तिचित्राचे खालच्या बाजूला पोपडे सुटलेत, वर एका कोपऱ्यात फुगलंय, मरियेचा निळा झगा तर जवळजवळ गेलाच आहे. कॅनव्हास इतके काळवंडलेत की मागे माणसं आहेत की झाडं ते कळत नाही. फळीला भोकं आहेत आणि ती मधे वाकलीय.

कमिटीत दोन तट पडलेत. एक म्हणतो लगेच करून टाका, एक कंत्राटदार येऊन बघूनही गेला, खालूनच मान वर करून बघितलं आणि म्हणाला होऊन जाईल, नव्यासारखं करून देतो. दुसरा तट म्हणतो आधी रीतसर असेसमेंट करू. त्याची फी ऐकल्यावर पहिल्या तटाचा सवाल, नुसतं बघायचे पैसे कसले? मला दुसरं पटतं पण मीटिंगमध्ये कोणी विचारलं की त्या असेसमेंटमध्ये करतात काय, तर माझी बोबडी वळते. कोणी या क्षेत्रातलं आहे का इथे?

खवचट_खारूताई

कंत्राटदाराला आधी स्पेनमधल्या बोर्हा गावचं ते चित्र दाखवा. १९३० च्या सुमाराचं येशूचं चित्र, एलियास गार्सिया मार्तिनेस नावाच्या चित्रकाराचं, चर्चच्या भिंतीवर तेलरंगात काढलेलं, ओलीने पोपडे सुटत होते. २०१२ मध्ये तिथल्याच एका भाविक आजींनी चांगल्या मनाने ब्रश हातात घेतला, येशूचा चेहरा ओळखूही येईना, आणि पुढचं सगळ्या जगाने बघितलं. आता ते बघायला लोक तिकीट काढून जातात ही गोष्ट वेगळी, पण तुमच्या कमिटीचा तो प्लॅन नसावा :)

मोरपिशी

खारूताई 😂 पण खरंच, त्या आजींवर जग हसलं तरी भिंत ओली का होती हे कोणी विचारलं का त्यात?

धागा वाचतेय, छान विषय.

चुनखडी

मोरपिशी, नेमक्या ठिकाणी बोट ठेवलंत. भित्तिचित्रांच्या कामात आहे म्हणून लिहितो, लांबण लागेल, सांभाळून घ्या.

पोपडे सुटलेत, रंग गेलाय, हे कुणालाही दिसतं, त्याला तज्ज्ञ नको. फी असते ती दोन प्रश्नांची. हे कशामुळे झालं, आणि अजून चालू आहे का? एखादी भेग दोनशे वर्षांपूर्वी पडून तशीच गप्प बसलेली असते, ती कितीही भयानक दिसो, तिला घाई नाही. आणि एखादा नखाएवढा पोपडा गेल्या पावसानंतरचा असतो, तो मात्र सांगत असतो की आत काहीतरी चालू आहे. दोन्ही एकाच रंगाने भरून टाकले की वरून सारखेच दिसतात, आणि दुसरा परत सुटतो, यावेळी मूळ रंग बरोबर घेऊन.

हे ओळखायचं कसं तर आधी जुने फोटो गोळा करा. लग्नांचे, बाप्तिस्म्यांचे, कोणाच्याही घरातल्या अल्बममधले, ज्यात मागे ते चित्र आलंय असे. दहा-दहा वर्षांच्या अंतराचे तीनचार जरी मिळाले तरी कुठला डाग वाढलाय आणि कुठला तसाच आहे हे टेबलावर बसल्या बसल्या कळतं. फुकटात होणारं हे काम आहे आणि हेच सगळ्यात कमी वेळा केलं जातं. चर्चच्या हिशेबाच्या वह्या पण बघा, छप्पर कधी दुरुस्त केलं, भिंतीला सिमेंट कधी लावलं, आधी कोणी चित्र 'स्वच्छ' केलं होतं का, सगळ्याच्या नोंदी खर्चाच्या रकान्यात सापडतात.

मग प्रत्यक्ष चित्र. पण चित्राच्याही आधी छत आणि भिंत, कारण आत उभं राहणं सुरक्षित आहे का हे आधी बघायचं असतं. इटलीत असिसीच्या सेंट फ्रान्सिस बॅसिलिकात २६ सप्टेंबर १९९७ ला रात्री भूकंपाचा धक्का बसला, सकाळी नुकसान बघायला लोक आत गेले आणि दुसऱ्या धक्क्यात छताची कमान कोसळली, चार जण गेले. दोन साधू आणि दोन तपासणी करणारे. त्यामुळे कुणी मला म्हटलं की 'नुसतं बघायचंय' तर मी आधी वर बघतो.

उंबरठा

बापरे. हे माहीत नव्हतं. फोटोंची आयडिया भारी आहे, आजच फादरना सांगतो.

एक विचारायचं राहिलं, खालच्या भागात पांढरी भुकटी पण आहे. झाडूने झाडली की जाते, परत येते. आमचे सफाईवाले दर महिन्याला झाडतात.

चुनखडी

झाडणं आजपासून बंद!! सॉरी, ओरडलो. पण त्या भुकटीबरोबर रंग पण जातोय थोडा थोडा.

तो लोणा आहे. भिंतीत पाणी चढतं किंवा झिरपतं, त्यात विरघळलेले क्षार असतात, पाणी पृष्ठभागाशी येऊन सुकलं की क्षारांचे स्फटिक बनतात. भिंतीच्या बाहेर बनले तर भुकटी, दिसायला वाईट पण त्यातल्या त्यात बरं. रंगाच्या किंवा गिलाव्याच्या आत बनले तर वाढणारा स्फटिक वरचा थर ढकलून पाडतो, तेच तुमचे पोपडे. कुठले क्षार आहेत यावर पुढचं सगळं ठरतं. साधं मीठ घ्या, हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलंच पाणी ओढून विरघळतं, खाली आली की परत स्फटिक. म्हणजे भिंतीत नवीन पाण्याचा थेंब न येताही आर्द्रता त्या आकड्याच्या वरखाली होत राहिली की रोज चित्र कुरतडलं जातं. सोडियम सल्फेट त्याहून खट, पाणी शोषून तिपटीहून जास्त फुगतं.

आणि म्हणून 'आधी भिंत सुकवून घेऊ' म्हणून पंखे हीटर लावणं हा पण उपाय नाही. झटकन सुकवली की सगळे क्षार एकदम पुढे येतात. ती भुकटी मऊ ब्रशने एका बाटलीत गोळा करून ठेवा, कुठल्या जागेवरची, जमिनीपासून किती उंचीवरची ते लिहून. जो कोणी तज्ज्ञ येईल तो तुमचे पाय धरेल.

पागोळी

मी सिव्हिलवाला, चित्रातलं शून्य कळतं पण ओल कळते. उंबरठा, पावसात छत्री घेऊन बाहेरून एक फेरी मारा. सिरीयसली. कोरड्या दिवशी इमारत खोटं बोलते. पन्हळ कुठून ओसंडतं, पाईप कुठे फुटलाय, पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायाशी साचतं का, बाहेरची जमीन वर्षानुवर्षं भर घालून आतल्या फरशीपेक्षा उंच झालीय का. वरच्या कोपऱ्यातला फुगवटा म्हणालात, त्याच्या बरोब्बर बाहेर काय आहे ते बघा, माझी पैज पन्हळाच्या सांध्यावर.

आणि बाहेरून किंवा आतून खालच्या पट्ट्याला सिमेंटचा गिलावा आहे का? जुन्या चुन्याच्या भिंतीला सिमेंट लावलं की ओल तिथून बाहेर पडू शकत नाही, मग ती सिमेंटच्या वर चढते आणि जिथे चुना उघडा आहे तिथे बाहेर येते. म्हणजे नेमकी चित्रात. वरून सिमेंटमधूनही क्षार येतात ते वेगळेच.

उंबरठा

आहे. कमरेइतका सिमेंटचा पट्टा आहे, आणि चित्र त्याच्या लगेच वरून सुरू होतं. आणि पोपडे नेमके तिथेच. आता अंगावर काटा आला.

घारे_डोळे

हे सगळं ठीक आहे हो, पण जुने फोटो गोळा करा, वह्या शोधा, पावसात फिरा, तोवर चित्र खाली पडेल त्याचं काय? थोडं प्रॅक्टिकल व्हायला नको का? डॉक्टर पण आधी रक्त थांबवतो, मग रिपोर्ट मागवतो.

चुनखडी

बरोबर बोललात, म्हणूनच असेसमेंटचा पहिला दिवस त्याचाच असतो, कुठला भाग आत्ता पडणार आहे ते शोधायचं. परांचीवर चढून पालथ्या बोटाच्या पेराने अगदी हलकं टकटक करत जायचं. गिलावा भिंतीला धरून असला की भरीव आवाज येतो, सुटलेला असला की पोकळ. एक जण वाजवतो, दुसरा फोटोच्या प्रिंटवर त्या जागेला रेघ ओढतो. पण इथेही पोकळ म्हणजे धोका असं नाही, शेकडो वर्षं पोकळ असलेले गिलावे मजेत उभे असतात. तळवा टेकवल्यावर हलतं का, कडेला मोकळी भेग आहे का, खाली फरशीवर ताजा चुरा पडलाय का, हे तीन मिळून धोका ठरतो. तेवढ्याच जागेवर तात्पुरता आधार द्यायचा, पातळ जपानी कागद कमी ताकदीच्या, नंतर काढता येईल अशा चिकटीने लावायचा. ओल्या आणि क्षारांनी भरलेल्या भिंतीवर तेही जपूनच, नाहीतर कागद काढताना रंग कागदावर जातो.

घाईत काय करायचं आणि काय नाही याचा धडा फ्लॉरेन्सचा आहे. ४ नोव्हेंबर १९६६ च्या पुरात सांता क्रोचे चर्चमधला चिमाबुए या जुन्या इटालियन चित्रकाराचा मोठा, रंगवलेला लाकडी क्रूस पाण्यात बुडाला, साधारण ६० टक्के रंग गेला. त्या पुरात भिजलेली लाकडी चित्रं उन्हात किंवा गरम खोलीत सुकवली असती तर उरलेलाही गेला असता, कारण लाकूड सुकताना आकसतं आणि वरचा खडूचा थर आणि रंग आकसत नाही, मग रंग तंबूसारखा उभा राहून तुटतो. म्हणून आधी रंगावर पातळ कागद चिकटवले आणि बोबोली बागेत लिंबाच्या कुंड्या ठेवायची इमारत होती तिथे आर्द्रता मुद्दाम खूप जास्त ठेवून हळूहळू कमी करत नेली. त्याच पुरातलं वझारी या चित्रकाराचं लास्ट सपर लोकांना परत बघायला मिळालं थेट २०१६ मध्ये. रक्त थांबवलं १९६६ मध्ये, ऑपरेशन कितीतरी दशकांनी. दोन्ही बरोबर होतं.

घारे_डोळे

ओके, पटलं. पन्नास वर्षांची तयारी ठेवा उंबरठा :D

निळासावळा

मी रसायनशास्त्राचा, रंगद्रव्यांवर थोडं काम केलंय, त्यामुळे मला या धाग्यात उडी मारल्याशिवाय राहवत नाही. एक गोष्ट कोणी बोललं नाही. 'काळं पडलंय' म्हणजे मळ असेलच असं नाही.

असिसीतच चिमाबुएचं क्रुसावरच्या येशूचं भित्तिचित्र आहे, ते बघितलं तर फोटोच्या निगेटिव्हसारखं दिसतं. जिथे उजेड हवा, चेहरे, कपड्यांच्या घड्या, तिथे काळं. कारण त्याने पांढऱ्यासाठी शिशाचा रंग वापरला आणि भिंतीवर तो कालांतराने बदलून काळा झाला. आता एखाद्याने हा मळ समजून घासायला घेतला तर तो चित्रच घासून काढेल. तसंच सिंदूर म्हणजे शिशाचा लाल, तोही तपकिरी काळा होतो. हिंगुळ उजेडाने काळवंडतो.

आगीचा इतिहास पण रंगात लिहिलेला असतो. पिवळी माती म्हणजे गेरूच्या कुटुंबातलीच, तिच्यातलं पाणी साधारण ३०० अंशांच्या आसपास निघून जातं आणि ती लाल होते. त्यामुळे चित्रात एकाच बाजूला सगळे पिवळे झगे लाल झाले असतील तर तिथे मेणबत्त्यांचा स्टँड पेटला होता का किंवा आग लागली होती का ते विचारा. चित्रकाराने तिथे लाल रंगवला होता असं धरून 'जुळवून' रंगवणं म्हणजे आगीलाच चित्रकार करणं.

आणि उंबरठा, मरियेचा निळा झगा. तो नेमका जाण्याचं कारण बहुतेक तंत्रातच आहे. ओल्या चुन्यावर रंगवलं की रंग चुन्यातच पकडला जातो, पण अ‍ॅझुराइट नावाचा तांब्याचा निळा सहसा भिंत सुकल्यावर सरस किंवा अंड्यासारख्या चिकटीत घालून वरून लावत. ती चिकट ओलीने मेली की निळा पावडर होऊन झडतो. बाकी चित्र शाबूत आणि मरिया मात्र राखाडी किंवा लालसर, असं चर्चांच्या भिंतींवर पुष्कळ ठिकाणी दिसतं. क्षारांच्या संगतीत तोच निळा हिरवा पण होतो. झगा हिरवट दिसतोय का कुठे?

उंबरठा

झग्याच्या खाली लालसर तपकिरी आहे आणि कडेला एक हिरवट पट्टा आहे!! मी तर तो हिरवा अस्तराचा रंग समजत होतो.

निळासावळा

मूळचं हिरवं अस्तरही असू शकतं, नुसत्या वर्णनावरून मी सांगणार नाही. पण लालसर थर निळ्याच्या खाली मुद्दाम देत असत, तो चित्रकाराचाच आहे असं समजून चाला, डाग म्हणून पुसू नका.

मोरपिशी

कॅनव्हास आणि फळीबद्दल पण लिहा ना कोणी, भिंतीवरच गाडी अडकलीय. मी एका म्युझियममध्ये स्टोअरला काम केलंय, मला जेवढं येतं तेवढं सांगते.

कॅनव्हास आधी मागून बघायचा! सगळे पुढून बघतात. मागे जुनी ठिगळं, शिक्के, लेबलं, पाण्याच्या ओघळाचे डाग, चौकटीच्या खालच्या पट्टीत साठलेला चुरा आणि मेलेले किडे, सगळी कुंडली मागे. चौकटीच्या पट्टीची आडवी खूण पुढे उमटली असेल तर कॅनव्हास सैल पडून पट्टीला टेकतोय. मग खोलीत अंधार करून टॉर्च एका बाजूने चित्राला जवळजवळ समांतर धरायचा, एवढ्याने जे दिसतं ना! वाटीसारखे वर आलेले रंगाचे तुकडे, फुगे, जुनं शिवलेलं भोक, सगळ्यांच्या सावल्या पडतात. टॉर्च चारी बाजूंनी फिरवून प्रत्येक वेळी फोटो.

नंतर अल्ट्राव्हायोलेट दिवा. जुनं नैसर्गिक राळेचं व्हार्निश हिरवट पिवळं चमकतं आणि नंतर कोणी रंग भरले असतील ते डाग काळे उठून दिसतात. पण व्हार्निशच्या खाली केलेली जुनी रंगरंगोटी त्यात लपते, त्यामुळे 'दिव्यात काही दिसलं नाही म्हणजे ओरिजिनल' असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

फळीच्या भोकांखाली एक काळा कागद पसरून ठेवा महिनाभर. नवीन फिकट भुसा पडला तर किडे जिवंत आहेत. नाही पडला तर बहुतेक कधीचेच गेलेत, पण एका महिन्यावर विसंबू नका, उन्हाळ्यात परत ठेवा, किडे त्या सुमारास बाहेर पडतात. आणि वाकलेली फळी सरळ करू नका, कोणी वजन ठेवून सरळ करतो म्हणालं तर त्याला चर्चच्या दारातून आत घेऊ नका. लाकूड वाकलेलं असताना रंग त्यावर बसलाय, लाकूड सरळ झालं की रंग फुटेल.

आजोबांचा_चष्मा

उत्तम चर्चा. मी थोडा वादाचा मुद्दा काढतो. तपासणीत कळलं की वरचा रंग नंतरच्या कोणीतरी चढवलाय, तर तो काढायचा का? बेल्जियममधल्या गेंटच्या सेंट बावो कॅथेड्रलमधल्या व्हॅन आइक बंधूंच्या वेदीचित्राचं उदाहरण घ्या. १९५०-५१ मध्ये तज्ज्ञांनी तपासलंच होतं, पण त्याच्या मधल्या पॅनेलवरच्या मुख्य कोकरावर १६ व्या शतकात किती रंग चढवलाय याचा पूर्ण अंदाज तेव्हा आला नाही. डोक्याजवळचा थोडा भाग काढला गेला, खालचे मूळ कान उघडे पडले आणि ते कोकरू पुढची सहासात दशकं चार कान घेऊन जगलं. २०१२ ला नवीन काम सुरू झालं, तेव्हा क्ष-किरणांनी मूलद्रव्यांचे नकाशे काढून आणि सूक्ष्मदर्शकाखाली थर बघून कळलं की कोकराच्या पॅनेलचा जवळजवळ अर्धा भाग वरून रंगवलेला आहे. तो काढल्यावर जो चेहरा निघाला, माणसासारखे समोर बघणारे डोळे, त्यावर लोकांनी किती टिंगल केली. म्हणजे शास्त्रशुद्ध करूनही लोक नाखूशच.

चुनखडी

पण आजोबा, तिथे खालचा मूळ रंग शाबूत आहे हे आधी सिद्ध झालं होतं, मगच हात लावला. वरचा थर काढल्यावर खाली काहीच नसेल तर? पुष्कळ वेळा कोणीतरी वरून रंगवलं त्याचं कारणच खालचं गेलेलं असतं. म्हणून असेसमेंटमध्ये विचारतात, खाली किती उरलंय, किती टक्के, कुठे. कडेला, कोणाच्या डोळ्यात न येणाऱ्या जागी, टिकलीएवढी खिडकी उघडून बघतात.

खवचट_खारूताई

फ्लॉरेन्सच्या ब्रांकाची चॅपेलमध्ये अ‍ॅडम आणि ईव्हला १७ व्या शतकात लाजेखातर पानं चिकटवली होती, म्हणजे रंगवली होती, ती १९८० च्या दशकातल्या कामात काढली. त्याला पण काही लोक म्हणाले की पानं हा पण इतिहासच आहे. मला पानं गेली ते आवडलं, उगाच खोटं का बोला.

आजोबांचा_चष्मा

तो म्युझियमवाल्यांचा प्रश्न झाला खारूताई. इथे लोक त्या चित्रासमोर गुडघे टेकतात. मरियेचा चेहरा निम्मा गेलेला ठेवून 'प्रामाणिक' म्हणायचं? गावाला अख्खी मरिया हवी असेल तर?

मोरपिशी

हा प्रश्न तपासणीच्या वेळीच विचारला पाहिजे, नंतर नाही. कोणाला काय हवंय, चित्र पूजेत आहे का, त्याला हात लावतात का, फुलं मेणबत्त्या कुठे ठेवतात. पायाचं चुंबन घ्यायची पद्धत असेल तर पायाचा रंग का गेलाय ते शोधायला क्ष-किरण नकोत.

आणि मधला मार्ग आहे ना, इटलीत ब्रांडी या रिस्टोरेशनच्या अभ्यासकाने रुजवलेली बारीक उभ्या रेघांची पद्धत. लांबून चित्र पूर्ण दिसतं, जवळ गेलं की रेघा दिसतात, कळतं की हे नवीन आहे. चिमाबुएच्या क्रुसावर बाल्दिनी या दुसऱ्या तज्ज्ञाने अजून वेगळं केलं, गेलेल्या जागी आकार काढलेच नाहीत, नुसतं आजूबाजूच्या रंगांच्या रेघांचं जाळं. ते मला स्वतःला फार आवडत नाही, पण फसवत नाही हे कबूल.

उंबरठा

ही चर्चा मी प्रिंट काढून मीटिंगला नेणार आहे. अजून एक, दुसऱ्या एका एजन्सीचं पत्र आलंय, ते म्हणतात एक्सरे, इन्फ्रारेड, थ्रीडी स्कॅन, नमुन्यांची लॅब टेस्ट, सगळं पॅकेज. पहिला तट आता उलटा त्याच्यावर भाळलाय, मशीनं आली म्हणजे खरं काम.

निळासावळा

प्रश्न नसेल तर मशीन नुसते सुंदर फोटो देतं. इन्फ्रारेडने खालचं कोळशाचं रेखाटन दिसतं, छान, पण तुमची भिंत ओली का आहे ते त्याला विचारून उपयोग नाही. एक्सरे फळीसाठी घ्या, आतले किड्यांचे बोगदे आणि खिळे दिसतील. जाड भिंतीचा एक्सरे म्हणणाऱ्याकडे मी हसून बघेन. नमुना म्हणजे चित्राचा तुकडा काढणं, अगदी टाचणीच्या टोकाएवढा असला तरी, त्यामुळे प्रत्येक नमुन्यापुढे 'याने कुठला निर्णय बदलेल' हे लेखी मागा. उत्तर नाही तर नमुना नाही. त्या पांढऱ्या भुकटीची बाटली मात्र पहिली लॅबला.

चुनखडी

+१, शब्द न शब्द. त्यात भर, आधीच्या दुरुस्त्यांचा शोध. इंग्लंडमधल्या मध्ययुगीन चर्चांत २० व्या शतकाच्या सुरुवातीला चित्रं जपायची म्हणून मेणाचे थर दिले. भिंतीची ओल मेणामागे अडकली, मेणावर मळ बसला, रंग मेणाबरोबर सुटायला लागला आणि पुढच्या पिढ्यांचं निम्मं आयुष्य ते मेण काढण्यात गेलं. पिसाच्या काम्पोसांतो या जुन्या दफनभूमीत जुलै १९४४ च्या आगीनंतर चित्रांवर सरसाने कापड चिकटवून ती भिंतीवरून सोडवून घेतली, त्या कापडाचा जुना सरस इतका कडक झाला की शेवटी तो खायला जिवाणू सोडले. तुमच्या भिंतीवर कुठे अनैसर्गिक चमक असेल, पाण्याचा थेंब मण्यासारखा बसत असेल, तर आधी कोणीतरी काहीतरी फासलंय. थेंबाची टेस्ट तुम्ही नका करू, तज्ज्ञाला जागा दाखवा.

अहवालात काय हवं ते सांगतो. प्रत्येक चित्राचा सरळ आणि तिरक्या उजेडातला फोटो, शेजारी रंगपट्टी आणि मोजपट्टी. त्यावर नुकसानीचा नकाशा, पोकळ कुठे, पोपडे कुठे, क्षार कुठे, जुनी दुरुस्ती कुठे. मग कारणं, आणि प्रत्येक कारणाला पुरावा. आणि शेवटी कामांचा क्रम, तातडीचं, या वर्षीचं, आणि 'काही करू नये' असं. ज्या अहवालात हे शेवटचं खातं रिकामं असेल तो मला जरा संशयास्पद वाटतो. भित्तिचित्रांसाठी इकोमॉस या वारसा जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची २००३ ची तत्त्वं आहेत, त्यातही आधी तपासणी आणि नोंदी, मग उपचार असंच आहे, मीटिंगमध्ये कागद लागला तर तो ठेवा.

उंबरठा

अपडेट. पावसात फेरी मारली, पागोळी तुम्ही पैज जिंकलात. फुगवट्याच्या बरोब्बर बाहेर पन्हळाचा सांधा उघडाय आणि पाणी भिंतीवरून ओघळतंय. एका लग्नाच्या जुन्या फोटोत फुगवटा नाहीच, नंतरच्या फोटोत आहे. आणि टॉर्च भिंतीला समांतर धरला तर चित्रात गिलाव्याचे सांधे दिसले, जोडलेल्या तुकड्यांसारखे, शिवाय कपड्यांच्या घड्यांवर टोकदार कशाने तरी कोरलेल्या रेघा!

चुनखडी

वा! ते रोजच्या कामाचे सांधे. जेवढं एका दिवसात रंगवून होईल तेवढाच ओला गिलावा लावायचे. म्हणजे मूळ चित्र खऱ्या अर्थाने ओल्या चुन्यावरचं आहे आणि निळा वरून, निळासावळाचा अंदाज बरोबर दिसतोय. एजन्सीच्या थ्रीडी पॅकेजच्या आधी तुम्हाला टॉर्चने हे मिळालं बघा.

पागोळी

सांधा आधी दुरुस्त करा, त्याला कुठल्या अहवालाची वाट बघायची गरज नाही. सिमेंटचा पट्टा मात्र लगेच फोडू नका, हातोड्याचे हादरे वर चित्रापर्यंत जातील.

उंबरठा

मीटिंग झाली. पन्हळ या आठवड्यात, झाडणं बंद, कंत्राटदाराला नाही कळवलं, आणि तज्ज्ञ बोलवायला मंजुरी मिळाली. आर्द्रता नोंदवणारं छोटं यंत्र पण घेतोय. ते कुठे लावायचं, आणि परांची वर्षभर उभी ठेवायची का?

चुनखडी

एक यंत्र चित्राच्या उंचीला भिंतीच्या जवळ पण न चिकटवता, एक चर्चच्या मधोमध, एक बाहेर सावलीत. तिन्हींची घड्याळं एकाच वेळी लावा नाहीतर तुलना करता येत नाही. भिंतीचं तापमानही अधूनमधून घ्या, थंड भिंतीवर गर्दीच्या मिस्साच्या वेळी दव धरतं का ते त्यातून कळेल. इटलीत पाडुआच्या स्क्रोवेन्यी चॅपेलमध्ये याच भानगडीमुळे लोकांना आधी एका काचेच्या खोलीत बसवून ठेवतात. किमान एक पूर्ण वर्ष, सगळे ऋतू. शेजारी वही टांगा, मिस्सा, लग्न, किती माणसं, खिडक्या उघड्या की बंद, हीटर लावला का. वहीशिवाय तो आलेख वाचता येत नाही.

परांची वर्षभर नको, चाकांवरची घ्या, लागेल तेव्हा आणा. चित्राच्या भिंतीला टेकवायची नाही, तिच्यात खिळा मारायचा नाही, आणि भिंतीकडच्या बाजूच्या पाईपांच्या टोकांना फोम गुंडाळा.